मुलांना किनाऱ्याचा छंद लावायचाय? तिथी, ओहोटी, वही आणि शंखशिंपले, सुरुवातीपासून

आम्ही रत्नागिरीत राहायला आलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती आणि धाकटा दोनचा. त्याआधी तिला एका क्लासला घातलं होतं, वर्षाची फी आधीच भरून घेतली त्यांनी, आणि तीन महिन्यांत ती दार धरून रडायला लागली, जाईचना. इथे आल्यावर क्लास शोधायच्या ऐवजी मी तिला घेऊन समुद्रावर जायला लागले, आणि आता चार वर्षं झाली, तिच्या सहा वह्या भरल्यात. कसं करायचं हे मला कुणी एका जागी सांगितलं नव्हतं, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, मच्छीवाल्या मावशींकडून, शेजारच्या आबांकडून, चुका करून. म्हणून हे लिहितेय. नव्याने कोकणात आलेल्यांसाठी तर आहेच, पण इथेच जन्मलेल्या घरांसाठीही आहे, कारण किनाऱ्यापासून दहा मिनिटांवर राहणारी कितीतरी मुलं पाहुणे आले तरच समुद्रावर जातात, हे मी शाळेत दर वर्षी बघते.

एक गोष्ट आधीच सांगते. हा छंद गोळा करण्याचा नाही. तोच किनारा, बरोबर वेळेला, परत परत बघायचा आणि लिहून ठेवायचं, एवढाच आहे. शंखशिंपले हे त्यातलं निमित्त.

पायरी १: एक किनारा धरा आणि सोडू नका

सुरुवातीला आम्ही हौसेने या रविवारी आरे-वारे, पुढच्या रविवारी गणपतीपुळे, मग गणेशगुळे असं फिरलो. मजा आली, पण मुलीला काही लक्षात राहिलं नाही, सगळे किनारे तिच्या डोक्यात एकच झाले. मग भाट्याचा किनारा ठरवला, सुरूबनापासून नदीच्या मुखाच्या बाजूला साधारण दोनशे पावलं, तेवढाच आमचा तुकडा. तिसऱ्या की चौथ्या फेरीला ती आपणहून म्हणाली, "आई, मागच्या वेळी इथे ओंडका होता, तो कुठे गेला?" तिथून खरी सुरुवात झाली, कारण आधी काय होतं ते माहीत असल्याशिवाय बदललेलं दिसत नाही.

किनारा निवडताना एवढं बघा: उतार सपाट पाहिजे, लाटा सरळ अंगावर येणारा किनारा नको, बाजूला थोडं खडप, म्हणजे खडकाळ भाग, असेल तर उत्तम कारण खडपातल्या डबक्यांत जिवंत प्राणी बघायला मिळतात, आणि घरापासून इतका जवळ पाहिजे की "आज कंटाळा आलाय" म्हणायला जागा राहू नये. मालवण, देवगड, गुहागर, दापोली, हर्णै, जिथे असाल तिथे असा एक तुकडा सापडतोच. मालवणकरांनी मात्र लक्षात ठेवा, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही, रिकामा शिंपलासुद्धा नाही. तिथे बघा, चित्र काढा, फोटो काढा, ते पुरतं.

पायरी २: तिथीवरून ओहोटी काढायला शिका

ही पायरी नीट वाचा, बहुतेक जणांचं इथेच चुकतं.

आमची पहिली फेरी पौर्णिमेच्या रविवारी, साडेअकराला. पाणी पार सुरूच्या मुळांपर्यंत आलेलं, उभं राहायला वाळूच नाही, वर ऊन. मुलं रडकुंडीला आलेली. एक मावशी टोपली घेऊन चालल्या होत्या, थांबून म्हणाल्या, "आज पुनव हाय वैनी, आता पानी भरलंय. सांच्याला या." संध्याकाळी पाचला गेलो तर तोच किनारा इतका लांबपर्यंत उघडा पडलेला की मुलगी धावतच सुटली.

नंतर शेजारच्या आबांनी हिशोब शिकवला, आणि हा हिशोब इथे जुन्या माणसांना पाठ असतो: तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरती पूर्ण व्हायची वेळ येते. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, तिथी एकपासून पंधरापर्यंतच मोजायची.

चतुर्थी घ्या. चारची पाऊणपट तीन. म्हणजे भरती दुपारी तीनला आणि पहाटे तीनला, ओहोटी सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या सुमाराला. अष्टमी घ्या, आठची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सकाळी जायचं का संध्याकाळी हे पक्कं कळतं. तिथी कुठल्याही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असते. पुढे मोबाईलवर भरतीच्या वेळा दाखवणारं ॲप घ्या आणि मुलालाच सांगा की आधी तू हिशोब कर, मग ॲपशी ताडून बघ. माझ्या मुलीचा पाऊणकीचा पाढा असाच पाठ झाला, मी एकदाही म्हणवून घेतला नाही. दुसरीत होती तेव्हा.

आता उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते, म्हणून भरती मोठी आणि ओहोटीही लांबवर, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, म्हणून पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही, तो भांग. भांगाच्या दिवशी लहान मुलांना घेऊन जाऊ नका, भर दुपारचं ऊन आणि बघायला काही नाही, मुलं कंटाळतात आणि मग पुढच्या वेळी येत नाहीत.

मुलांसाठी चांगले दिवस हे:

- सकाळी जायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. ओहोटी पावणेसात ते सव्वाआठच्या मध्ये येते, ऊनही नसतं आणि उधाणाचं पाणी अजून लांब जात असतं.
- शाळेनंतर जायचं असेल तर त्रयोदशी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्या. ओहोटी पावणेचार ते सव्वापाचच्या मध्ये.

ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की परत निघा. पाणी फिरतं ते कळतं, ओल्या वाळूवर आपण केलेली रेघ लाटेने पुसली की समजायचं. माझ्या मुलांना ही रेघ मारायचं काम दिलेलं आहे, पोचल्या पोचल्या काठीने रेघ, आणि मग अधूनमधून धाकटा बघून येतो. मी "चला" म्हणायची गरज पडत नाही, समुद्रच सांगतो. अजून एक, दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त खाली जाते, ती कुठली ते ॲपमध्ये आकड्यांवरून दिसतं. आणि मुंबईकडे पाण्याचा चढउतार जास्त असतो, आपल्याकडे दक्षिणेला त्यामानाने कमी, त्यामुळे तिकडचा व्हिडिओ बघून आपल्या किनाऱ्याला तोच अंदाज लावू नका.

पायरी ३: सामान

विकत घ्यायचं फार काही नाही. आमच्या पिशवीत हे असतं:

- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पेन नको, एक लाट आली की पेनचं सगळं पसरतं, आमचं एक अख्खं पान गेलंय
- पंधरा सेंटिमीटरची पट्टी
- भिंग, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं साधं
- एक पारदर्शक डबा, झाकणाचा. प्राणी दोन मिनिटं समुद्राच्या पाण्यात ठेवून बघायला आणि परत सोडायला
- कापडी पिशवी आणि जुना टूथब्रश
- चार मीटर सुतळी आणि चार काड्या (कशाला ते पुढे येईल)
- मागून पट्टा असलेल्या चपला. रबरी स्लिपर खडपावर घसरते आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (ऑयस्टरच्या) कडा पात्यासारख्या असतात
- पाणी, टोपी, गूळ-शेंगदाणे, बँडेज

कागदपत्रं एकटी-दुकटी मुलं घेऊन जाताना लागत नाहीत. पण शाळेची किंवा सोसायटीची पंधरा-वीस मुलं नेणार असाल तर पालकांची लेखी परवानगी, प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर आणि कुणाला कसली ॲलर्जी आहे त्याची यादी जवळ ठेवा, ग्रामपंचायतीला आधी कळवून ठेवा, आणि चार मुलांमागे एक मोठं माणूस. अभयारण्याच्या भागात जायचं तर वन खात्याला आधी विचारा. फोनमध्ये १०८ आणि ११२ हे आपत्कालीन नंबर आणि वन खात्याची हेल्पलाइन १९२६ सेव्ह करा, किनाऱ्यावर जखमी कासव किंवा डॉल्फिन दिसला तर १९२६ ला सांगायचं, स्वतः पाण्यात ढकलायचं नाही.

पायरी ४: काय उचलायचं आणि काय नाही

आमचा घरचा नियम असा की रिकामं असेल, एकासारखे पाच तरी तिथे पडलेले असतील, तरच एक घ्यायचा. आणि एका फेरीत एकाने जास्तीत जास्त पाच. पाचच म्हटल्यामुळे मुलं निवडायला शिकतात. मुलगी आधी वीस-पंचवीस उचलते, मग परतताना वाळूवर मांडून बसते आणि कुठले पाच ठेवायचे यावर स्वतःशीच वाद घालते, याच्यात ना त्याच्यात काय वेगळं आहे, कुठला आपल्याकडे आधीच आहे. मी शेजारी बसून राहते, बोलत नाही. हे वर्गीकरण कुठल्याही वर्कशीटमध्ये इतकं मन लावून झालेलं मी बघितलं नाही.

शंख उचलला की आत बघायचं. शंखातला खेकडा पाय आत ओढून बसतो, दार लावल्यासारखी एक नांगी तोंडाशी, आणि आपल्याला वाटतं रिकामा आहे. आम्ही असा एक घरी आणला होता, दोन दिवसांनी वासाने कळलं. मुलगी खूप रडली त्या दिवशी. तेव्हापासून प्रत्येक शंख ओल्या वाळूवर पालथा ठेवून शंभरपर्यंत मोजायचं, हलला नाही तरच घ्यायचा. या खेकड्याला स्वतःचं कवच नसतं, वाढला की मोठा रिकामा शंख शोधावा लागतो, म्हणून किनारा झाडून सगळे शंख नेऊ नयेत हे मुलांना सांगितलं की लगेच पटतं, कारण घर ही गोष्ट त्यांना कळते.

कायद्याचं गंभीरपणे घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि २००१ मध्ये त्यात प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही मोठ्या शंखशिंपल्यांच्या जाती घातल्यात. हे जवळ बाळगणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. पर्यटनाच्या ठिकाणी काचेच्या पेटीत "इंद्रजाल" म्हणून काळ्या जाळीदार फांद्या विकतात, घरात ठेवली की नजर लागत नाही म्हणून, ते काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो. घेऊ नका. खरं तर दुकानातून काहीच घेऊ नका. दुकानातला चकचकीत शंख कुठल्या समुद्रातला आहे, कधी मिळाला, जिवंत काढला का, काही माहीत नसतं, आणि मुलाच्या वहीत त्याच्याबद्दल लिहायला एक ओळसुद्धा मिळत नाही.

पायरी ५: पहिल्या फेरीला एवढंच बघा

सगळं एका दिवशी दाखवायला जाऊ नका. या चारपैकी एक-दोन पुरे.

*वाळूच्या गोळ्या.* ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या ते साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी पडलेली असते, मध्ये एक भोक आणि भोवती किरणांसारख्या ओळी. बोटाच्या पेराएवढा खेकडा वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. दहा पावलं लांब उकिडवं बसा आणि तीन-चार मिनिटं हलू नका, सगळे बाहेर येतात. धाकट्याला एका जागी तीन मिनिटं बसवणं घरात शक्य होत नाही, इथे तो श्वास धरून बसतो.

*भोक पडलेले शिंपले.* शिंपल्याच्या बिजागरीजवळ एक बारीक, अगदी गोल भोक असतं, कुणी ड्रिलने पाडल्यासारखं, बाहेरून थोडं रुंद आणि आत निमुळतं. मुलं त्याच्या माळा करतात. ते भोक पाडलेलं असतं एका गोल गुळगुळीत शंखातल्या गोगलगायीने, तिला मून स्नेल म्हणतात. ती शिंपल्याला कवटाळते, आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करते आणि दातेरी जिभेने तासन्‌तास घासत भोक पाडते, मग आतलं मांस खाते. मी हे मुलीला लगेच सांगितलं नाही. तीच विचारत राहिली की भोक प्रत्येक वेळी त्याच जागी कसं. एका सकाळी तिने चाळीस शिंपले मांडले, अकरांना भोक होतं, त्यातल्या नऊंना वरच्या टोकाजवळ. वहीत अकरा रेघा मारल्या, नऊंवर गोल केला, आणि मग म्हणाली, "म्हणजे कुणीतरी जागा बघून पाडतंय." त्या दिवशी सांगितलं.

*वाळूची कॉलर.* शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली, राखाडी, हाताला रबरी लागणारी पट्टी सापडते. लोक प्लास्टिक समजून फेकतात. ती त्याच मून स्नेलची अंडी आहेत, वाळूत चिकटवलेली. ओली असेल तर हळूच परत पाण्यात ठेवायची.

*समुद्रफेस.* पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा, नखाने ओरखडा उठतो. हे माकुळाच्या (स्क्विडच्या) जातीतल्या एका प्राण्याचं आतलं कवच. आत बारीक बारीक कप्पे असतात आणि त्यातल्या हवेमुळे तो प्राणी पाण्यात हवा तसा तरंगतो. घरी बादलीत टाकून दाखवा.

पायरी ६: वही

वही मुलाची, हे मनात पक्कं करा. मी पहिल्या वहीत लाल पेनने शुद्धलेखन तपासलं होतं. पुढच्या दोन फेऱ्यांत तिने फक्त तारीख लिहिली. मग मी माफी मागितली, नवी वही आणली आणि त्यानंतर आजपर्यंत हात लावला नाही. "शींपला" चा "शिंपला" तिसऱ्या वहीत आपोआप झाला, मासळीबाजारातल्या पाटीवर बघून.

प्रत्येक पानावर वर एवढं हवंच: तारीख, तिथी, किनारा, ओहोटीची काढलेली वेळ आणि ॲपची वेळ. खाली काहीही. एक चित्र, एक माप, एक प्रश्न, असं आम्ही ठरवलंय, पण नाही झालं तर नाही. लिहिता न येणाऱ्या मुलाने शिंपला कागदावर ठेवून पेन्सिलने कडेने गिरवायचा, धाकट्याचं पहिलं वर्ष असंच गेलं आणि पेन्सिल धरायला तो तिथेच शिकला.

नावांचं काय करायचं, हा सगळ्यांचा प्रश्न असतो, कारण आपल्यालाच येत नाहीत. येत नसेल तर मुलाला नाव ठेवू द्या. आमच्या वहीत "जिलबी शंख", "आजीची टिकली", "स्क्रू" अशी नावं आहेत. खरं नाव नंतर शोधायचं, आणि त्यासाठी पहिली जागा म्हणजे मासळीबाजार. वही घेऊन जा आणि मुलालाच विचारू द्या, "मावशी, याला काय म्हणतात?" तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं, शिनाणे, एकेका गावात वेगळं नाव, ती सगळी नावं गावासकट लिहून घ्यायची. माझी मुलगी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसे, ती बाजारात मावशींशी वाद घालायला लागली की तुम्ही म्हणता ते हे नव्हे. घाईच्या वेळी जाऊ नका, लिलाव संपल्यावर निवांत असतात तेव्हा जा, आणि काहीतरी विकत घ्या.

दुसरी जागा म्हणजे रत्नागिरीतलं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय, कोकण कृषी विद्यापीठाचं आहे ते. वर्षातून दोनदा जा, पण तीन-चार महिने किनाऱ्यावर फिरून झाल्यावर जा. आधी नेलं तर मुलं काचांवरून धावत सुटतात, नंतर नेलं तर "हा आपल्याला मिळालाय" म्हणून एकेका पेटीसमोर खिळतात.

पायरी ७: घरी आणल्यावर

गोड्या पाण्यात एक रात्र भिजत घालायचे, सकाळी पाणी बदलायचं, टूथब्रशने घासायचे, सावलीत वाळवायचे. उन्हात रंग उडतो. ब्लीच वापरू नका, मुलांच्या हाताला वाईट आणि शिंपल्यालाही. वाळल्यावर बोटभर खोबरेल तेल चोळलं की ओला असतानाचा रंग परत दिसतो.

ठेवायला पुठ्ठ्याची किंवा लाकडाची खोकी नकोत. आपल्याकडच्या दमट हवेत, खासकरून पावसाळ्यात, त्यातून आंबट वाफा निघतात आणि शिंपल्यांवर पांढरी पावडर धरते, शिंपला खात जाते ती. आमचे मिठाईच्या खोक्यातले पहिल्या वर्षीचे बरेचसे तसेच गेले. कप्प्याचे प्लास्टिकचे डबे किंवा मसाल्याचा जुना स्टीलचा डबा उत्तम. प्रत्येक कप्प्यात चिठ्ठी: वहीचं पान नंबर, तारीख, किनारा. चिठ्ठी नसलेला शिंपला आम्ही पुढच्या फेरीला परत नेऊन टाकतो.

फुटका एखादा असेल तर त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतात. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूसारखाच, आणि आंबटाशी त्याचं जमत नाही. याच शिंपल्यांचा पूर्वी भट्टीत भाजून चुना करत, घराच्या भिंतींना आणि विड्यालाही. आमच्या आबांनी लहानपणी भट्टी बघितलेली, त्यांनी अर्धा तास सांगितलं, मुलगी लिहीत होती.

पायरी ८: मूल मोठं झालं की

चार-पाच वर्षांच्या मुलाला शिंपले रंगाने आणि आकाराने वेगळे लावू द्या, बस. सहा ते आठला मोजणं, मापं, चित्रं.

नऊच्या पुढे ती सुतळी काढा. चार काड्या रोवून एक मीटर बाजूचा चौकोन करायचा, एक भरतीच्या रेषेजवळ, एक मधे, एक पाण्याजवळ, आणि प्रत्येकात काय काय किती आहे ते मोजायचं. भोकं किती, जिवंत किती, रिकामे किती, प्लास्टिकचे तुकडे किती. महिन्यातून एकदा, त्याच तिथीला. आमच्याकडे चौदा महिन्यांचे आकडे आहेत आणि आता ती स्वतः आलेख काढते. शाळेत आलेख आला तेव्हा तिला तो आधीच येत होता, फक्त त्याला आलेख म्हणतात हे माहीत नव्हतं.

वाळूसुद्धा विसरू नका. रत्नागिरीत मांडवीची वाळू काळी आणि पलीकडच्या किनाऱ्याला म्हणतात पांढरा समुद्र, नावातच आहे. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून काळ्या वाळूतून फिरवा, दाणे मिशांसारखे उभे राहतात. लोहाची खनिजं आहेत ती, काळबादेवीकडच्या वाळूतही आहेत. पिशवी उलटी केली की सगळे पडतात, चुंबक थेट वाळूत घालू नका, मग दिवसभर साफ करत बसावं लागतं.

हिवाळ्याच्या शेवटी एकदा कासवं. नाना फडणवीसांच्या वेळासला, आंजर्ल्याला, आमच्या जवळ गावखडीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभं केलं. फेब्रुवारी ते एप्रिल आधी विचारून जा. फ्लॅश आणि टॉर्च बंद, पिल्लू हातात घ्यायचं नाही. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही, तीही नोंद करायची असते हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

धोके, हे पाठ करा

- निळा फुगा. काचेसारखा निळा, खाली लांब धागे, पावसाळ्यात येतो. ब्लू बॉटल. मेलेला असला तरी धागे डंख मारतात. लागलाच तर चोळायचं नाही, समुद्राच्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं.
- आइस्क्रीमच्या कोनासारखा शंख. जिवंत असेल तर आतून विषारी काटा मारतो. खिशात, मुठीत नाही. कोनासारखा दिसला की हात मागे, रिकामा वाटला तरी.
- पाकट, चपट्या अंगाचा मासा. उथळ पाण्यात वाळूखाली बसलेलं असतं, शेपटीला काटा. पाय उचलून टाकू नका, घसटत चाला, म्हणजे ते आधीच पळतं.
- समुद्रसाप. वाळूवर निपचित पडलेला दिसला तरी लांबून.
- नदीच्या मुखाशी पाण्यात उतरायचंच नाही. ओहोटीची ओढ तिथे सगळ्यात जास्त.
- समुद्राकडे पाठ करून कुणी बसायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा. फोनमध्ये बघत तर नाहीच.

दुसऱ्या प्रकारचे धोके घरातून येतात. वही पाहुण्यांना दाखव, शाळेच्या प्रदर्शनात ठेव, स्टेटसला टाकू का, असं सुरू झालं की मूल आपल्यासाठी करायला लागतं. माझ्याकडून झालंय हे, आणि दोन महिने ती मुकाट्याने आली फक्त. "यातून काय शिकलीस?" हा प्रश्न परतीच्या वाटेवर विचारू नका. "उद्याची तिथी काय?" एवढं विचारा हवं तर.

पायरी ९: पावसाळ्यात

जून ते नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही वाळूवर उतरत नाही. जून-जुलैत मच्छीमारांनाही बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली. हे दिवस डब्यांचे. सगळं बाहेर काढून पुसायचं, पावडर धरलीय का बघायचं, चिठ्ठ्या नव्या करायच्या, वहीतले उत्तर न मिळालेले प्रश्न एका पानावर काढायचे. यंदा आमच्या यादीत सतरा आहेत. पहिला धाकट्याचा आहे, त्याच्या अक्षरात: खेकडा आडवा का चालतो. आणि नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन जेट्टीवर जायचं, ज्या मावशींनी नावं सांगितली त्यांच्याबरोबर उभं राहून.

आत्ता दिनदर्शिका काढा, पुढची द्वितीया शोधा, मुलाला म्हणा पाऊणकी कर. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे ओहोटी साडेसातला. साडेसहाला किनाऱ्यावर पोचायचं.